मुलीसाठी .22 पिस्तूल घ्यायचंय, तीनपैकी कुठलं घेऊ?

पत्र थोडक्यात असं: सांगली जिल्ह्यातले एक वडील लिहितात की त्यांची मुलगी सतरा वर्षांची आहे, काही वर्षं 10 मीटर एअर पिस्तूल खेळतेय, राज्य स्पर्धेत स्कोअर चांगले येतात. आता कोच म्हणतात 25 मीटरला .22 (छर्र्याऐवजी खऱ्या गोळीचं पिस्तूल) सुरू करू. क्लबमध्ये एकच जुनं पिस्तूल आहे, ते सगळी मुलं आळीपाळीने वापरतात. वडिलांनी तीन पर्याय काढलेत. एक, नवीन पार्डिनी, तेही रॅपिड फायरचं (झटपट लागोपाठ गोळ्या झाडायच्या इव्हेंटचं) मॉडेल, इलेक्ट्रॉनिक ट्रिगरवालं. दुसरं, एका खेळ सोडलेल्या नेमबाजाचं सेकंडहँड वॉल्थर जीएसपी. तिसरं हॅमर्ली एक्स-एसे, तिघांत स्वस्त. त्यांनी एक्सेल शीट बनवलीय, अचूकता, वजन, बॅरल, ट्रिगर, किंमत, सगळ्याला मार्क दिलेत. पैसे पीएफमधून आणि यंदाच्या द्राक्षातून काढणार, तीन लाखांपर्यंत. लिहितात, "आज हलक्या दर्जाचं पिस्तूल घेतलं आणि त्यामुळे पोरगी मागे पडली तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही." शेवटी विचारलंय की त्यांच्या स्वतःच्या पीक संरक्षणाच्या लायसन्सवर पिस्तूल घेऊन मुलीला वापरायला दिलं तर चालेल का.

नमस्कार दादा,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण पिस्तूल निवडण्यात चूक झाली तर निस्तरता येते, ही चूक निस्तरत नाही. शेतीच्या लायसन्सवर पिस्तूल घेऊन मुलीच्या हातात द्यायचा विचार पूर्ण सोडून द्या. लायसन्स ज्याच्या नावावर आणि ज्या कारणासाठी मिळालंय तेवढ्यापुरतंच असतं, आणि तुमच्या नावावरचं हत्यार घेऊन ती एकटी रेंजवर गेली, स्पर्धेसाठी रेल्वेने पुणे किंवा दिल्लीला निघाली, तर तो थेट आर्म्स अॅक्टखाली गुन्हा होतो, तिच्यावरही आणि तुमच्यावरही. एअर पिस्तूलला लायसन्स लागलं नाही म्हणून .22 पण तसंच असेल असं खूप पालकांना वाटतं. तसं नाहीये. .177 बोरची आणि 20 जूलच्या आतली एअर वेपन्स लायसन्समधून सुटलेली आहेत, .22 हे फायरआर्म आहे, 1959 चा आर्म्स अॅक्ट आणि 2016 चे आर्म्स रूल्स त्याला पूर्ण लागू होतात. 21 वर्षांखाली साधं लायसन्स मिळत नाही, पण टार्गेट शूटिंगचा सराव करणाऱ्या ज्युनिअर मुलांसाठी वेगळी तरतूद आहे आणि तुमचा रस्ता तोच आहे. तो जिल्हा असोसिएशन, महाराष्ट्र रायफल असोसिएशन आणि एनआरएआय (नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया) या साखळीतून जातो. बाहेरून पिस्तूल मागवायची परवानगी, कस्टम ड्युटीतली सूट, गोळ्यांचा कोटा, हे सगळं नेमबाज कुठल्या दर्जात बसतो त्यावर असतं आणि तो दर्जा स्कोअरवरून ठरतो. त्यामुळे शीट उघडायच्या आधी एक दिवस असोसिएशनच्या ऑफिसात जाऊन बसा, मुलीचे स्कोअरचे सर्टिफिकेट घेऊन जा, आणि विचारा की आज ती कुठे बसते, पिस्तूल कोणाच्या नावावर येईल, ठेवायचं कुठे, नेता येईल कसं. पिस्तूल निवडायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ या कागदांना लागतो. आणि तोपर्यंत कोणालाही अॅडव्हान्स देऊ नका, "परवानगीचं मी बघतो" म्हणणाऱ्याला तर अजिबातच नाही.

आता शीटकडे येते. मनापासून केलीय हे दिसतंय, पण तुम्ही अचूकतेला शंभरातले चाळीस मार्क ठेवलेत आणि माझं म्हणणं आहे की ते चाळीस काढूनच टाका.

का ते सांगते. 25 मीटरच्या प्रिसिजन (सावकाश नेम धरायच्या) टार्गेटवर दहा गुणांची रिंग 50 मिलिमीटरची असते, रॅपिडच्या (झटपट मारायच्या) टार्गेटवर दहाची रिंग 100 मिलिमीटरची. तुमच्या यादीतलं कुठलंही पिस्तूल, ते धड स्थितीत असेल तर, स्टँडला बांधून बऱ्या गोळ्यांनी झाडलं की पाचही गोळ्या त्या 50 च्या आत बसतात. म्हणजे दहा मारायची ताकद तिघांतही आहे, तिथे तिघांना सारखेच मार्क पडणार, मग तो कॉलम तुलनेच्या कामाचा राहतच नाही. मुलीचा जो शॉट दहाऐवजी आठवर जाईल तो बॅरलने घालवलेला नसेल, ट्रिगर ओढताना बोटाबरोबर सगळा पंजा आवळला, पाचव्या शॉटला ग्रिप हातात किंचित फिरलेली होती, फोरसाईट (नळीच्या टोकाची साईट) सोडून नजर टार्गेटवर गेली, यातून तो जाईल. कंपनीच्या कागदावर दोन मिलिमीटरचा फरक बघून लाखभर रुपये जास्त घालायचे आणि तिच्या हातात ग्रिप नीट बसते का हे बघायचंच नाही, असं होताना मी रेंजवर खूपदा बघते आणि वाईट वाटतं, कारण पैसे घालणारा माणूस बहुतेक वेळा तुमच्यासारखा पोटाला चिमटा काढून घालत असतो.

ग्रिप. दादा, माझ्या लेखी हा सगळ्यात मोठा कॉलम आहे आणि तुमच्या शीटमध्ये तो नाहीच. पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की तिचा पंजा लहान आहे, मला तर ते वाक्य सगळ्या शीटपेक्षा महत्त्वाचं वाटलं. मॅच पिस्तूलची लाकडी ग्रिप हाताच्या आकाराची कोरलेली असते, स्मॉल, मीडियम, लार्ज अशी येते, डाव्या-उजव्या हाताची वेगळी येते, खाली तळव्याला टेकणारी पट्टी वरखाली करता येते. दुसऱ्याच्या मापाची ग्रिप म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा, काम चालतं पण डोकं दुखत राहतं. बघायचं कसं ते सांगते, रेंजवर, पिस्तूल रिकामं आणि चेंबरमध्ये (गोळी बसते त्या जागी) सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रिकामं असल्याची खूण, आणि ज्याचं पिस्तूल आहे तो शेजारी उभा. तिला ते धरू द्या. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सरळ मागे जातंय का, बोटाची बाजू ग्रिपच्या लाकडाला घासत तर नाही ना. मग फ्लॅग काढून, पिस्तूल रिकामंच आहे हे पुन्हा दोघांनी बघून, फायरिंग लाइनवर टार्गेटकडे तोंड करून हात उचलायला सांगा, डोळे मिटायला सांगा, दोन श्वास, डोळे उघड. साईट सरळ दिसतायत का? फोरसाईट सतत डावीकडे किंवा वर दिसत असेल तर ते पिस्तूल तिच्या मनगटाला वळवून घेतंय, आणि तीन सेकंदांत शॉट मारायचा असतो तेव्हा मनगट वळवायला वेळ नसतो. हे पाच-सहा वेळा करून बघा, एकदाने कळत नाही.

इथे रचनेचा एक फरक कामाला येतो. जीएसपी आणि पार्डिनी दोन्हीत मॅगझिन ट्रिगरच्या पुढे बसतं, ग्रिपच्या आत नाही. त्यामुळे ग्रिपचं लाकूड हवं तसं कमी करता येतं, लहान पंजाला बारीक करता येतं, पुटी लावून भरता येतं. एक्स-एसेत मॅगझिन ग्रिपच्या आतून जातं, म्हणून ग्रिप किती बारीक होईल याला मर्यादा येते. ज्याचा पंजा मोठा आहे त्याला हा मुद्दा लागू नाही, तुमच्या मुलीला आहे. ग्रिपवर लाकूडकाम करताना नियम मात्र आधी बघून घ्या, पट्टी वर वळलेली चालत नाही, मनगटाला आधार मिळेल असं काही चालत नाही, आणि पूर्ण पिस्तूल 300 बाय 150 बाय 50 मिलिमीटरच्या डब्यात बसावं लागतं, वजन 1400 ग्रॅमच्या आत. मॅचच्या आधी इक्विपमेंट कंट्रोलला हे सगळं तपासतात.

आता ट्रिगर, आणि तुमचा तो रॅपिड फायर मॉडेलचा हट्ट. हट्ट म्हणते कारण पत्रात तीनदा लिहिलंय की "घ्यायचंच तर वरचं घेऊ म्हणजे पुढे बदलायला नको". जरा शांतपणे बघू की तिची इव्हेंट आहे कशी. महिलांची 25 मीटर पिस्तूल, 60 शॉट. पहिले 30 प्रिसिजन, पाच मिनिटांत पाच शॉट. नंतरचे 30 रॅपिड, त्यात हात 45 अंशात खाली, टार्गेट 7 सेकंद बंद, मग 3 सेकंद उघडं, तेवढ्यात हात उचलून एकच शॉट, परत खाली. नीट बघा, एका वेळी एकच शॉट. झटक्यानंतर पिस्तूल किती लवकर परत जागेवर येतं, ज्यासाठी रॅपिड फायर मॉडेल बनवलेली असतात, ते तिला या इव्हेंटमध्ये फारसं लागतच नाही, तिच्याकडे दोन शॉटच्या मध्ये 7 सेकंद आहेत. ते लागतं मुलांच्या 25 मीटर रॅपिड फायरमध्ये, जिथे पाच टार्गेटवर पाच गोळ्या 8 सेकंदांत, मग 6, मग 4 सेकंदांत मारायच्या असतात. स्टँडर्ड पिस्तूल इव्हेंट खेळायची असेल तर तिथे पण 10 सेकंदांत पाच आहेत, थोडा फायदा होतो. पण तुमच्या मुलीला पहिल्या वर्षी हवंय ते असं पिस्तूल जे खालून वर येताना साईट आपोआप डोळ्यासमोर आणून देतं, ज्याचा ट्रिगर दर वेळी त्याच जागी तसाच सुटतो. साधं स्पोर्ट मॉडेल त्याला पुरतं. ज्या पालकांचा मुलगा रॅपिड फायर खेळणार आहे त्यांनी माझा हा परिच्छेद उलटा वाचावा.

ट्रिगरचं वजन मात्र तिला सुरुवातीला छळणार आहे, त्याची तयारी ठेवा. एअर पिस्तूलला किमान 500 ग्रॅमचा ट्रिगर चालतो, 25 मीटरला किमान 1000 ग्रॅम. एकदम दुप्पट. पहिले काही आठवडे स्कोअर पडेल, आणि नेमका तेव्हाच घरात कोणीतरी म्हणतं की पिस्तूलच खराब घेतलं. पिस्तूल खराब नसतं. बोटाला सवय व्हायला वेळ लागतो. ट्रिगर अगदी 1000 वर लावू नका, थोडा वर ठेवा, नाहीतर मॅचच्या दिवशी तपासणीत ट्रिगरला 1000 ग्रॅमचं वजन अडकवून उचलताना तो सुटला की धावपळ होते.

इलेक्ट्रॉनिक की मेकॅनिकल? दोन्ही नियमात बसतात. इलेक्ट्रॉनिक फार स्वच्छ सुटतो, दर वेळी एकसारखा, हे खरंय. पण तुमच्याकडे तो बिघडला तर उघडून बघणारं कोण आहे? बॅटरी, सर्किट, पावसाळ्यातली दमट हवा, आणि पार्ट इटलीहून यायचा. मेकॅनिकल ट्रिगर अनुभवी कोचला निदान समजतो, स्प्रिंग बदलता येते. जीएसपीचं तर पूर्ण ट्रिगर युनिट एका तुकड्यासारखं बाहेर येतं, दुसरं बसवता येतं, म्हणून साठच्या दशकाच्या शेवटी आलेलं ते पिस्तूल इतक्या वर्षांनी अजून रेंजवर दिसतं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये 2021 ला मनू भाकरचं एअर पिस्तूल क्वालिफिकेशन चालू असताना बिघडलं, दुरुस्तीत बराच वेळ गेला, 575 मारून ती बारावी आली. देशातली सगळ्यात तयार मुलगी, सोबत टीम, उत्तम पिस्तूल, तरी झालं. तीन वर्षांनी पॅरिसला तिने दोन ब्राँझ घेतली ही गोष्ट वेगळी. मला एवढंच सांगायचंय की महाग म्हणजे बिघडणार नाही असं नसतं, आणि बिघडल्यावर किती वेळात उभं राहता येतं हा कॉलम शीटमध्ये पाहिजे. तुमच्या रेंजपासून सगळ्यात जवळचा माणूस कोण जो हे पिस्तूल खोलू शकतो? फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर, स्प्रिंग, जादा मॅगझिन किती दिवसांत मिळतं? डीलरला हे विचारा आणि उत्तर लिहून मागा.

याच कारणासाठी कोच एका ठरावीक कंपनीचं नाव घेतात म्हणून लगेच संशय धरू नका. त्यांना "का" विचारा. रेंजवरची अजून दोन मुलं तेच पिस्तूल वापरतात, मॅगझिन एकमेकांना चालतं, एखादा पार्ट अडला तर भागतं, मला स्वतःला ते खोलता येतं, असं उत्तर आलं तर ते फार मजबूत कारण आहे, मी त्याला अचूकतेच्या चाळीस मार्कांतले तीस देईन. आणि "ते बेस्ट आहे" एवढंच उत्तर आलं तर मग अजून दोन ठिकाणी विचारा. तुम्ही नशीबवान आहात, कोल्हापूर तुमच्या जवळ आहे. राही सरनोबतने 2013 ला चांगवॉनच्या वर्ल्ड कपमध्ये आणि 2018 च्या एशियन गेम्समध्ये याच इव्हेंटमध्ये सोनं घेतलं, त्या गावात 25 मीटर समजणारी माणसं आहेत. एक रविवार मुलीला घेऊन जा, तिथल्या कोचची आणि पिस्तूल मालकांची परवानगी काढून जितकी पिस्तुलं हातात धरता येतील तितकी धरून बघू दे.

सेकंडहँड जीएसपीबद्दल. वीस वर्षं जुनं म्हणून नाकारू नका आणि जुनं ते सोनं म्हणून घेऊ पण नका. आधी कागद, फ्रेमवर कोरलेला नंबर लायसन्सवरच्या नंबरशी जुळतोय का, विक्री परवानगीने आणि नोंदणीने होतेय का. मग एखाद्या जाणत्या माणसाला सोबत न्या. .22 ची गोळी रिमफायर असते, म्हणजे पिन गोळीच्या कडेवर आपटते, आणि रिकाम्या चेंबरवर खूप ड्राय फायर (गोळी न घालता ट्रिगर ओढणं) केलं असेल तर पिन चेंबरच्या काठावर आपटून तिथे खळगा पडतो. तो बोटाला नाही तर टॉर्चने दिसतो. खळगा असेल तर गोळी नीट बसत नाही, बाहेर नीट येत नाही. एक्स्ट्रॅक्टरचा (रिकामी केस बाहेर ओढणाऱ्या भागाचा) दात झिजलाय का, मागचा बफर (झटका झेलणारा तुकडा) शेवटचा कधी बदलला, मॅगझिनचे ओठ वाकलेत का, मॅगझिन किती देणार. एकच मॅगझिन देत असतील तर दुसऱ्याची किंमत आजच पकडा. ग्रिप मागच्या मालकाच्या हाताची कापलेली असणार, तिचं लाकूड कमी झालेलं परत येत नाही, त्यामुळे नवीन ग्रिपचे पैसे पण त्यातच धरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निदान शंभर गोळ्या झाडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

ती चाचणी तिन्ही पिस्तुलांना सारखीच लावा, जी उपलब्ध होतील त्यांना. एकाच बॉक्समधल्या स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळ्या, पाच-पाचच्या सिरीज, मध्ये साफ न करता. स्कोअर लिहू नका, पहिल्या दिवशी स्कोअर ओळखीच्या पिस्तूलचाच चांगला येतो. दोन गोष्टी लिहा. किती वेळा अडकलं, आणि कसं अडकलं, म्हणजे गोळी चढली नाही, केस बाहेर आली नाही की पिन आपटून पण फुटली नाही. मॅचमध्ये पिस्तूल अडकलं आणि दोष पिस्तूलचा किंवा गोळीचा निघाला तर राहिलेले शॉट पूर्ण करायला मिळतात, पण ते पण मोजक्याच वेळा, आणि मुलीने घाबरून हात लावला, झटका देऊन बघितलं तर तो शॉट गेला. सतरा वर्षांच्या मुलीला शिस्त शिकवता येते, पण शेकड्याला चार वेळा अडकणारं पिस्तूल तिला शिस्त शिकू देत नाही, दर शॉटला तिच्या मनात तीच भीती राहते. दुसरी गोष्ट, शॉट सुटल्यावर स्क्रीनकडे न बघता तिला सांगू दे कुठे गेला. "नऊ, डावीकडे खाली." मग बघा. ज्या पिस्तूलवर तिचं सांगणं आणि टार्गेट जास्त जुळतं ते पिस्तूल तिला समजतंय, आणि ज्या पिस्तूलवर तिला आपली चूक समजते त्याच पिस्तूलवर ती सुधारणार आहे. यापेक्षा चांगली तुलना मला माहीत नाही, कुठल्याही कॅटलॉगमध्ये हा आकडा मिळणार नाही.

आता पैसे, इथे मला खरंच काळजी वाटते. तुम्ही तीन लाख धरलेत आणि ते सगळे पिस्तूलवर लावलेत. गोळ्यांचं काय? आठवड्याला 200 गोळ्या म्हटलं, जे काही फार नाही, तर वर्षाला दहा हजार होतात. तुमच्या रेंजवरचा दर मला माहीत करून घ्यायची गरज नाही, तुम्हीच घाला, पण समजा गोळीला 20 रुपये धरले तर दोन लाख झाले. दर वर्षी. वर रेंज फी, प्रवास, स्पर्धांच्या एन्ट्री, कोच. पिस्तूल एकदाच घ्यायचं असतं, गोळ्या रोज लागतात, आणि तीन लाखांचं पिस्तूल घेऊन आठवड्याला 40 गोळ्या मारणारी मुलगी साध्या पिस्तूलवर 200 मारणाऱ्या मुलीच्या मागेच राहते. म्हणून आधी वर्षभराच्या गोळ्या आणि स्पर्धा बाजूला काढा, उरलेल्यात पिस्तूल बसवा. गोळ्या घेताना पण सगळ्यात महाग मॅच गोळ्यांच्या मागे लागू नका, सरावाला साध्या स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या चालतात, फक्त ज्या तिच्या पिस्तूलमध्ये न अडकता चालतात त्याच ठेवा. हाय व्हेलॉसिटी तर घालूच नका, मॅच पिस्तूल त्या झटक्यासाठी बनवलेलं नसतं, फ्रेम आणि बफरची वाट लागते.

खरं सांगू का, मी तुमच्या जागी असते तर पुढचे सहा महिने काहीच विकत घेतलं नसतं. कागदपत्रांना तेवढा वेळ जाणारच आहे. त्या वेळात क्लबच्या जुन्या पिस्तूलवर तिला 25 मीटरची एक-दोन लोकल मॅच खेळू दे. जुनं असलं तरी तिला त्यातून कळेल की हा प्रकार आपल्याला आवडतो का, रॅपिडचे ते 3 सेकंद मजा देतात की धडकी भरवतात, हात कुठे दुखतो, ग्रिप कुठे टोचते. हे कळल्यावर केलेली खरेदी आणि आज केलेली खरेदी यात फार फरक पडेल. घरी एअर पिस्तूलवर पण तिची तयारी होऊ शकते, रिकाम्या एअर पिस्तूलने कोऱ्या भिंतीसमोर 7 सेकंद हात खाली, 3 सेकंदांत वर आणि ट्रिगर, मोबाईलवर टायमर लावून. याला ना लायसन्स लागतं ना गोळी, आणि 25 मीटरचा निम्मा अभ्यास यातच आहे. एअर पिस्तूल बंद मात्र करू देऊ नका, कितीतरी मुली दोन्ही एकत्र खेळतात आणि एकाचा दुसऱ्याला उपयोगच होतो.

आणि एक गोष्ट, दादा, थोडी अवघड आहे पण विचारते. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात कोच काय म्हणतात ते आहे, डीलर काय म्हणतो, मावसभाऊ काय म्हणतो ते पण आहे, मुलगी काय म्हणते ते कुठेच नाही. बारावीचं वर्ष आहे तिचं. तिला 25 मीटर खेळायचंय का? की तिला एअर पिस्तूलमध्येच राहायचंय आणि पप्पा एवढं करतायत म्हणून बोलता येत नाहीये? पीएफचे पैसे काढून पिस्तूल आणलं की ते तिच्यासाठी नुसतं पिस्तूल राहत नाही, दर खराब सिरीजला तिला तुमचे पैसे आठवणार. तुम्ही प्रेमापोटीच करताय, हे तिलाही कळतं, म्हणून तर ती तुम्हाला "नाही" म्हणू शकणार नाही. शीट तिच्यासमोर ठेवा, मार्क तिला द्यायला सांगा, आणि "अजून वर्षभर नको" असं ती म्हणाली तर ते ऐकून घ्यायची तयारी ठेवून विचारा. ती मागे पडेल ही तुमची भीती मला समजते, पण सतराव्या वर्षी एक हंगाम क्लबच्या पिस्तूलवर काढल्याने कोणी मागे पडत नाही.

तरीही तुम्ही विचारलंयत कुठलं घेऊ, तर उत्तर टाळत नाही. लहान पंजा, 25 मीटर महिला इव्हेंट आणि तीन लाखांत गोळ्यांसकट वर्ष काढायचं, हे बघता रॅपिड फायरचं इलेक्ट्रॉनिक मॉडेल मी यादीतून आजच काढेन. शंभर गोळ्यांची चाचणी पास झालेलं, चेंबर स्वच्छ असलेलं जीएसपी आणि त्याला तिच्या मापाची नवीन ग्रिप, ही माझी पहिली पसंती. ते चाचणीत अडकलं किंवा कागद स्वच्छ नसले तर मेकॅनिकल ट्रिगरचं साधं पार्डिनी एसपी, स्मॉल ग्रिपमध्ये, सहा महिने थांबून. एक्स-एसे शिकायला वाईट नाही, ज्यांचं बजेट तेवढंच आहे त्यांनी बिनधास्त घ्यावं आणि वाचलेल्या पैशांच्या गोळ्या घ्याव्यात, पण तुमच्या मुलीच्या पंजाला ते बसतंय हे आधी धरून बघा.

पिस्तूल आलं की ते घरी ठेवायचं ठरलं तर भिंतीला बोल्ट केलेली तिजोरी, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि चाव्या फक्त लायसन्सच्या अटीत बसेल त्याच माणसाकडे, धाकट्या भावाला जागा माहीत असायचं कारण नाही. रेंजची आर्मरी सुरक्षित असेल आणि लायसन्सच्या अटीत बसत असेल तर तिथेच ठेवलेलं मला जास्त आवडेल. ठेवण्याच्या जागेचं काय लिहून द्यावं लागतं ते पण त्याच दिवशी असोसिएशनच्या ऑफिसात विचारून घ्या.